अंकुशापासून ग्रॅमपर्यंत : प्राण्यांच्या वेदनेच्या मोजमापाचा इतिहास

म्हैसूर शहरातून पश्चिमेस हुणसूरकडे जो जुना रस्ता जातो, त्यावर शहराची वस्ती ओलांडता ओलांडता हिनकल हे गाव लागते. नन्नेश्वराच्या प्राचीन देवालयाचे हे गाव आज वर्तुळाकार मार्गावरील उड्डाणपुलाच्या आणि नव्या वसाहतींच्या गर्दीत जवळजवळ विरून गेले आहे. परंतु ज्या रस्त्याच्या काठी ते वसले आहे, त्या रस्त्याच्या टोकाला असलेले हुणसूर हे कंपनी सरकारच्या अमदानीत अमृत महालाचे मुख्य ठाणे होते. आणि जनावराच्या देहाकडे राज्यकर्त्यांनी कोणत्या दृष्टीने पाहिले, याचा विचार करू पाहणाऱ्याने अमृत महालापासूनच आरंभ करावा, इतके ते खाते बोलके आहे.

सतराव्या शतकाच्या अखेरीस चिक्कदेवराज ओडेयर यांनी दरबारासाठी दूध-लोण्याचा पुरवठा करणारे जे गोधन जमविले, त्याच्या व्यवस्थेस ‘बेण्णे चावडी’ म्हणत. हैदरअलीने त्याच गोधनातून तोफा ओढणारे बैल तयार करविले आणि टिपूने त्या खात्यास ‘अमृत महाल’ हे नाव दिले. या बैलांच्या जोरावर हैदराने चिदंबरमच्या रक्षणासाठी अडीच दिवसांत शंभर मैलांची मजल मारली, असे इंग्रजांच्याच दप्तरांत नमूद आहे. आणि १८०३ साली वेलस्लीने दक्षिणेतील मराठ्यांवर चाल केली तेव्हा त्याच्या तोफखान्याच्या वेगामागेही हेच बैल होते. पुढे स्पेन-पोर्तुगालच्या युद्धात त्याला त्यांची आठवण होऊन हळहळ वाटे, ही गोष्ट इतिहासप्रसिद्ध आहे. टिपूच्या पाडावानंतर हे खाते कंपनीकडे आले. १८१३ मध्ये कॅप्टन हार्वे याच्या हाती कारभार जाऊन त्यास शिस्त लागली. १८६० मध्ये काटकसरीच्या नावाखाली ते मोडले गेले आणि उणीव भासू लागताच १८६६ मध्ये पुन्हा उभारले गेले. आपल्या माणदेशी खिल्लार बैलाचे मूळही याच हळ्ळीकार-अमृतमहाल वंशात शोधले जाते, म्हणून मराठी वाचकाला हे प्रकरण परके वाटण्याचे कारण नाही.

या प्रदीर्घ कारकिर्दीत बैलाची चाल मोजली गेली, त्याच्या ओढण्याच्या ताकदीचा हिशेब झाला, कळपांची गणती झाली, कुरणांची जमाबंदी झाली. बैलाला किती दुखते, हे मात्र कोणी मोजले नाही. दुखते कोठे, हे सर्वांना उत्तम ठाऊक होते. पराणीची आर कोणत्या जागी टोचली म्हणजे बैल चालू लागतो, शेपटी कोठे पिरगाळली म्हणजे बसलेला बैल उठतो, हे ज्ञान गाडीवानाच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले होते. याच म्हैसूरच्या मुलखात १८७४ साली सँडर्सन या इंग्रज अधिकाऱ्याने चामराजनगरच्या बाजूला खेड्डा रचून रानहत्ती धरले. त्या हत्तींना वळण लावणाऱ्या माहुतांच्या हातातील अंकुश हेही अशाच ज्ञानाचे साधन होते. पालकाप्याच्या नावावर असलेल्या हस्त्यायुर्वेदात हत्तीच्या मर्मस्थानांची जी गणना आहे, ती वैद्याच्या उपयोगासाठी सांगितलेली असली तरी माहुताच्या अंकुशालाही तीच स्थाने परिचित होती. कोठे दाबले असता प्राण्याला दुखते, हे माणसाला हजारो वर्षे माहीत होते आणि त्या माहितीचा उपयोग तो हुकमत चालविण्यासाठी करीत आला. किती दाबले असता दुखू लागते, हा प्रश्न त्याने विचारला तो अवघ्या सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी. या दोन प्रश्नांमध्ये जे अंतर आहे, तेच या लेखाचा विषय आहे.

दुसऱ्या प्रश्नाचा जन्म जर्मनीत झाला, आणि तोही प्रथम मनुष्याच्या त्वचेवर. मॅक्स फॉन फ्रे हा साल्झबर्गमध्ये १८५२ साली जन्मलेला शरीरशास्त्रज्ञ लाइप्झिग येथे कार्ल लुडविग याच्या प्रसिद्ध प्रयोगशाळेत काम करीत होता. त्वचेवर ऊब, थंडी, स्पर्श आणि वेदना यांचे निरनिराळे बिंदू असतात, ही गोष्ट स्वीडनमधील ब्लिक्स आणि बर्लिनमधील गोल्डशायडर यांनी १८८० नंतरच्या काही वर्षांत पुढे आणली होती. परंतु ते बिंदू नेमके शोधावयाचे तर प्रत्येक वेळी सारखाच दाब देणारे साधन हवे, आणि मानवी हाताला तर सारखेपणा ठाऊक नाही. फॉन फ्रे याने यावर जो तोडगा काढला, त्याच्या साधेपणाने आजही मन थक्क होते. त्याने माणसाचे आणि घोड्याचे केस घेतले, निरनिराळ्या लांबीचे तुकडे करून ते लाकडी काडीच्या टोकाला मेणाने चिकटविले आणि केसाचे टोक त्वचेवर टेकवून तो वाकेपर्यंत दाबले. केस एकदा वाकला की हात कितीही पुढे रेटला तरी त्वचेवरचा दाब फारसा वाढत नाही. लांब आणि बारीक केस लवकर वाकतो, आखूड आणि जाड केस उशिरा वाकतो. प्रत्येक केस तराजूवर टेकवून त्याचे वजन ठरवून ठेवले की दाबांची एक चढती श्रेणी हाताशी येते. १८९६ साली त्याने या पद्धतीने केलेले आपले संशोधन प्रसिद्ध केले आणि स्पर्शाचे बिंदू व वेदनेचे बिंदू वेगळे आहेत, असा सिद्धांत मांडला. त्या सिद्धांतावर पुष्कळ वाद झाले, काही भाग टिकला, काही टिकला नाही; परंतु त्याचे केस टिकले.

त्या केसांचे पुढचे चरित्र इतके विलक्षण आहे की दोन वाक्यांपुरते मूळ वाटेवरून बाजूला जाण्याची परवानगी वाचकाने द्यावी. १९६० च्या सुमारास अमेरिकेत सेम्स आणि वाइनस्टाइन यांनी मेंदूला जखमा झालेल्या सैनिकांच्या हातांची संवेदना तपासण्यासाठी केसांच्या जागी नायलॉनचे तंतू वापरले, आणि तेच तंतू पुढे कुष्ठरोग्यांच्या बधिर तळव्यांवर व तळपायांवर टेकवले जाऊ लागले. आज मधुमेहाच्या रोग्याच्या पायाच्या तळव्यावर डॉक्टर दहा ग्रॅमचा जो तंतू टेकवितो, तो लाइप्झिगच्या घोड्याच्या केसाचाच वंशज होय.

वेदना मोजता येते ही कल्पना युरोपात रुजत होती त्या काळात म्हैसूरमध्येही संवेदनांच्या मोजमापाला लवकरच घर मिळाले, आणि याचे श्रेय ज्या एका पुरुषाला द्यावे लागते तो म्हणजे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी. १९१६ साली स्थापन झालेल्या म्हैसूर विद्यापीठात त्यांनी १९२४ मध्ये मानसशास्त्राचा विभाग उभारला. लंडनमध्ये स्पिअरमन यांच्या हाताखाली त्यांची तयारी झाली होती. पुढे १९३५ मध्ये त्यांनी आपल्याच घरून नभोवाणी केंद्र सुरू केले आणि त्यास ‘आकाशवाणी’ हे नाव दिले, म्हणून लोक त्यांना त्या निमित्ताने ओळखतात. परंतु भारतीय मानसशास्त्राचे इतिहासकार त्यांचा उल्लेख करतात तो प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी भारतात पहिली प्रयोगशाळा उभारणारे गृहस्थ म्हणूनही. जेथे शतकानुशतके जनावराच्या चालीचाच हिशेब झाला, त्या संस्थानात जनावराच्या प्रतिसादाला शास्त्रीय पुराव्याचे स्थान मिळाले, ही माझ्या मते लहान घटना नव्हे.

आता पुन्हा युरोपकडे वळू. प्राण्यांवर दाबाने वेदना मोजण्याची गरज उत्पन्न झाली ती औषधांच्या कारखान्यांतून. अफूपासून निघालेल्या मॉर्फिनपेक्षा कमी घातक असे वेदनाशामक सापडावे, यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभापासून रसायनशास्त्रज्ञ शेकडो नवी द्रव्ये तयार करीत होते; त्यांतले कोणते वेदना शमविते, हे माणसावर वापरण्यापूर्वी कळावे तरी कसे? १९२९ साली हाफनर या जर्मन औषधशास्त्रज्ञाने एक उपाय सुचविला. मॉर्फिन दिलेल्या लहान उंदराची शेपटी विशिष्ट रीतीने ताठ उभी राहते, हे स्ट्राउब याने १९११ मध्येच पाहिले होते. हाफनरच्या ध्यानात आले की अशा उंदराची शेपटी चिमटीत दाबली तरी तो ती खेचून घेत नाही. तेव्हा शेपटीच्या मुळाशी लहान चिमटा लावावा. धडधाकट उंदीर तत्काळ मागे वळून चिमट्याला चावू लागतो, औषधाने बधिर झालेला उंदीर वळत नाही किंवा फार उशिरा वळतो. या कसोटीत दाब मोजलेला नव्हता, केवळ प्रतिसादाची वेळ पाहिली जाई. शिवाय चिमट्याची पकड प्रत्येक प्रयोगशाळेत निराळी. इंग्लंडमध्ये १९५१ साली ग्रीन आणि यंग यांनी पिचकारीच्या साह्याने मोठ्या उंदराच्या शेपटीवर क्रमाने वाढता दाब देण्याची योजना केली, आणि उंदीर चीत्कारेल त्या क्षणीचा आकडा टिपून घेण्याची रीत घातली. चिमट्याची मोघम पकड जाऊन तिच्या जागी संख्या आली ती अशी.

तरीही एक मोठी अडचण उरलीच. चिमटा असो, तापलेली तबकडी असो की शेपटीवर टाकलेला प्रखर प्रकाशझोत असो, या साऱ्या कसोट्यांत मॉर्फिन उत्तीर्ण होई आणि ॲस्पिरिन अनुत्तीर्ण होई. १८९९ पासून जे औषध जगभर डोकेदुखी-सांधेदुखीवर खपत होते, ज्याचा गुण कोट्यवधी माणसांनी स्वतः अनुभवला होता, ते प्रयोगशाळेतील उंदरापुढे निष्प्रभ ठरे. उंदराची वेदना माणसाच्या वेदनेहून मुळातच वेगळी आहे की कसोटीच चुकीची आहे, हा पेच पुष्कळ वर्षे सुटला नाही.

तो सुटला १९५७ साली, अमेरिकेतील न्यू जर्सी संस्थानातल्या नटली या गावी, हॉफमन-ला रोश या औषधकंपनीच्या प्रयोगशाळेत. लोवेल रँडल आणि त्याचा सहकारी सेलिट्टो यांनी असा विचार केला की, ॲस्पिरिन घेणारा माणूस निरोगी अंगाला बसलेल्या चिमट्यासाठी ते घेत नाही. सुजलेल्या, दाहाने हुळहुळ्या झालेल्या अवयवासाठी घेतो. तेव्हा कसोटीही सुजलेल्या अवयवावरच व्हावी. त्यांनी उंदराच्या एका मागल्या पंजाच्या तळव्यात यीस्टच्या वीस टक्के मिश्रणाचा दशांश मिलिलिटर टोचला. पंजा सुजला आणि हळवा झाला. मग सुजलेला पंजा आणि निरोगी पंजा यांवर सारख्या गतीने वाढता दाब देऊन, उंदीर कोणत्या दाबाला पाय ओढून घेतो हे त्यांनी पाहिले. सुजलेला पंजा निरोगी पंजाहून कितीतरी कमी दाबाला मागे घेतला जाई, ही अपेक्षित गोष्ट होती. अनपेक्षित आणि मोलाची गोष्ट पुढची: मॉर्फिनने दोन्ही पंजांची सहनशक्ती वाढविली, ॲस्पिरिनने मात्र निरोगी पंजाला हातही न लावता केवळ सुजलेल्या पंजाची सहनशक्ती पूर्ववत केली. एकाच प्राण्याच्या दोन पायांनी दोन औषधांचे स्वभाव वेगळे करून दाखविले. याच रँडलने त्याच वर्षी क्लोरडायझेपॉक्साइड या द्रव्याचा शामक गुण ओळखला आणि त्यातून चिंतेवरील औषधांचे एक नवे युग सुरू झाले. त्या कीर्तीच्या झोतात पंजाच्या कसोटीची कथा मागे पडली, हे मला अन्यायाचे वाटते.

रँडल आणि सेलिट्टो यांना जे दिसले त्याचे कारण त्यांना माहीत नव्हते. ते चौदा वर्षांनी, १९७१ मध्ये, इंग्लंडात जॉन व्हेन याने शोधले: ॲस्पिरिन शरीरातील प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांची निर्मिती थांबविते. त्याचा ब्राझिली सहकारी सर्जिओ फेरैरा याने १९७२ मध्ये दाखविले की ही द्रव्ये स्वतः फारशी वेदना देत नाहीत, परंतु वेदनेच्या तंतूंना हळवे करतात, म्हणजे एरवी सुसह्य असलेला दाब त्यांच्यामुळे असह्य होतो. ॲस्पिरिन वेदना पुसत नाही, हळवेपणा काढून घेते. म्हणूनच निरोगी पंजावर त्याला काही करण्यासारखे नसते. यीस्टने सुजलेल्या त्या पंजाने व्हेनच्या नोबेल पारितोषिकाच्या कितीतरी आधी खरे उत्तर देऊन ठेवले होते. ते वाचणारा तेवढा नंतर आला.

पुढे इटलीतील उगो बासिले यांच्या कारखान्याने या कसोटीचे जे यंत्र तयार केले, ते जगभरच्या प्रयोगशाळांत आणि भारतातील औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांतही पोहोचले. त्याची रचना जुन्या तराजूच्या दांडीसारखी आहे: मोजपट्टीवरून एक वजन यंत्राच्या गतीने सरकत जाते, तसतसा उंदराच्या पंजावर टेकलेल्या बोथट शंकूचा दाब वाढतो, उंदराने पाय ओढला की प्रयोगकर्ता पायाखालची कळ सोडतो आणि पट्टीवरील ग्रॅमचा आकडा वाचतो. अडीचशे ग्रॅमच्या आसपास दाब थांबवावा, त्यापुढे जाऊ नये, असा शिरस्ता पुष्कळ प्रयोगशाळांनी पाळला आहे, कारण त्यापलीकडे मोजमाप संपून इजा सुरू होते. मला या यंत्राचा सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो तो हा थांबा. अंकुशाला थांबा नव्हता. हत्ती वळेपर्यंत तो टोचला जाई.

या आकड्याविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ग्रॅममध्ये जे लिहिले जाते ते प्राण्याने पाय ओढला तेव्हाच्या दाबाचे माप आहे. प्राण्याने जे भोगले त्याचे माप ते नव्हे. पाय ओढणे ही मज्जारज्जूची त्वरित क्रियाही असू शकते. शिवाय हातात धरलेला उंदीर भ्यालेला असेल तर आकडा बदलतो, प्रयोगकर्ता बदलला की आकडा बदलतो, म्हणून दक्ष संशोधक प्राण्यांना आधी काही दिवस हाताची आणि यंत्राची सवय लावतात. धरण्याचा हा त्रास टाळावा म्हणून फॉन फ्रेच्या तंतूंकडे नव्याने लक्ष गेले: जाळीच्या तळावर मोकळ्या उभ्या असलेल्या उंदराच्या पंजाला खालून तंतू टेकवावा, तो पाय उचलतो की नाही पाहावे, आणि उत्तरानुसार पुढचा तंतू अधिक जाड किंवा अधिक बारीक घ्यावा. १९९४ मध्ये चॅपलन आणि तिच्या सहकाऱ्यांनी या चढ-उताराला गणिती बैठक दिली, तेव्हापासून थोड्या स्पर्शांत सीमा निश्चित होऊ लागली. दाबाची जाणीव पेशीत कशी उमटते, याचे उत्तर देणारी पीझो नावाची प्रथिने अर्डेम पटापुटियन याने २०१० मध्ये शोधली, तीही पेशीला सूक्ष्म नळीने दाबून. त्यास २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या साऱ्या ज्ञानासाठी जे प्राणी खर्ची पडले त्यांचे ऋण मानणारे नियम हळूहळू झाले. इंग्लंडात १८७६ चा कायदा झाला. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये प्राण्यांच्या जागी अन्य साधने वापरावीत, प्राण्यांची संख्या घटवावी आणि पद्धत सौम्य करावी हे तीन दंडक सांगितले. १९८३ मध्ये वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आपल्या संशोधकांसाठी जे नियम केले, त्यांत शक्य असेल तेथे संशोधकाने तो वेदनेचा उद्दीपक आधी स्वतःवर वापरून पाहावा, अशी सूचना आहे. फॉन फ्रेने आपल्या केसांनी प्रथम मनुष्याचीच त्वचा दाबली होती, हे येथे स्मरावे. भारतात प्राण्यांना क्रूरतेने वागविण्याविरुद्धच्या १८९० च्या कायद्याची जागा १९६० च्या कायद्याने घेतली, आणि त्यामागे राज्यसभेत १९५३ पासून रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी चिकाटीने धरलेला आग्रह होता. त्या कायद्याखाली १९६४ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांच्या देखरेखीची समिती नेमली गेली. १९९८ च्या नियमांनी प्रत्येक संस्थेत नीतिसमिती सक्तीची झाली, आणि तिच्या मंजुरीवाचून आज कोणत्याही महाविद्यालयात उंदराचा पंजा यंत्राखाली ठेवता येत नाही. याच कायद्याखालच्या १९६५ च्या नियमांनी ओढकामाच्या जनावरांना अणकुचीदार काठी टोचण्यास मनाई केली, दिवसाला नऊ तासांची आणि विश्रांतीवाचून पाच तासांची मर्यादा घातली, आणि पारा ३७ अंशांवर गेला असता दुपारी बारा ते तीन त्यांना जुंपू नये असे ठरविले.

आणि आता दाबाची कसोटी प्रयोगशाळेबाहेर पडून खुद्द जनावराच्या उपयोगी येऊ लागली आहे, ही माझ्या दृष्टीने या इतिहासातील सर्वांत समाधानाची पायरी. ब्रिस्टल येथील पशुवैद्यांनी १९८९ मध्ये खूरसडीने लंगडणाऱ्या मेंढ्यांच्या पायावर यंत्राने दाब देऊन दाखविले की त्यांची वेदनासीमा निरोगी मेंढ्यांहून खाली उतरलेली असते. त्याच परंपरेत १९९८ मध्ये लंगड्या दुभत्या गाईंवर झालेल्या अभ्यासात असे दिसले की उपचार झाल्यानंतरही निदान अठ्ठावीस दिवसांपर्यंत हा हळवेपणा टिकतो. मेंढी ओरडत नाही, गाय कण्हत नाही. जखमेवर खपली धरली म्हणजे दुखणे संपले, असे धनी समजतो. दाबमापकाने दाखविले की खपलीखाली दुखणे चालूच असते.

मुंबईत परळला १८८६ साली स्थापन झालेल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापासून थेट तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यापर्यंत आपल्याकडे जनावराच्या पायाची तपासणी आजही बहुशः हाताच्या अंदाजावर चालते. तो अंदाज अनुभवी हाताचा असला तर उत्तमच; पण त्याची नोंद राहत नाही आणि एका दवाखान्याचा अंदाज दुसऱ्याला उपयोगी पडत नाही. दाबमापक हे फार मोठे किंवा गुंतागुंतीचे यंत्र नव्हे. महाराष्ट्र-कर्नाटकातील पशुवैद्यक महाविद्यालयांनी आणि दूध संघांनी लंगडणाऱ्या गाई-बैलांच्या पायांवर ते नियमाने वापरावे, आकडा दप्तरात लिहावा, आणि वेदनाशामक बंद करण्याचा दिवस खपलीवरून न ठरविता त्या आकड्यावरून ठरवावा.